विमान पडलं, पाडलं की परतलंच नाही?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत वाहतूक विमानांवरचा एक रशियन मजकूर त्या मराठीत आणत आहेत. त्यात नुकसानीचा एक तक्ता आहे आणि त्याला तीन रकाने आहेत : कातास्त्रोफा, अवारिया आणि पलोम्का. त्या विचारतात, “शब्दकोशात पहिल्या दोन्हींना ‘अपघात’च दिलंय. मग एकाला अपघात आणि दुसऱ्याला दुर्घटना म्हणू का? शिवाय कारणांमध्ये ‘रस्ख्ल्याबनस्त’ असा एक शब्द वारंवार येतो. त्याला निष्काळजीपणा चालेल का? आणि ही विमानं मालवाहू म्हणायची की वाहतूक विमानं?”

ताई, अपघात आणि दुर्घटना अशी वाटणी कृपा करून करू नका. वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही. मराठीत या दोन शब्दांमध्ये असलाच तर फरक आकाराचा आणि हळहळीचा आहे. दुचाकी घसरली तर आपण अपघात म्हणतो, पूल कोसळून पन्नास माणसं गेली तर दुर्घटना म्हणतो. दुर्घटना या शब्दात जे घडलं ते वाईट होतं, एवढंच सांगितलेलं आहे. तुमच्या तक्त्यातले रकाने मात्र हळहळ मोजत नाहीत, ते परिणाम मोजतात. त्या काळच्या सोव्हिएत हवाई दलात आणि नागरी हवाई ताफ्यात हे शब्द ठरलेल्या अर्थाने वापरत. माणूस दगावला तर कातास्त्रोफा. माणसं वाचली पण विमान कामातून गेलं तर अवारिया. विमान मोडलं पण दुरुस्त होण्यासारखं असेल तर पलोम्का. म्हणजे एकाच वैमानिकाची एकच चूक, जमीन मऊ की कडक यावर, तीनपैकी कुठल्याही रकान्यात जाऊ शकत होती.

आपले शब्द नेमके उलट्या अंगाने चालतात. ‘अपघात’ आणि ‘घातपात’ शेजारी ठेवून बघा. दोन्हींच्या पोटात ‘हन्’ धातूतून आलेला तोच ‘घात’ आहे. फरक परिणामाचा नाहीच, हेतूचा आहे. कुणी मुद्दाम केलं तर घातपात, आपोआप ओढवलं तर अपघात. मराठी शब्द विचारतो, दोष कुणाचा? रशियन शब्द विचारतो, उरलं काय? म्हणून नुसता शब्दाला शब्द ठेवला की एक तर परिणाम हरवतो, नाही तर न झालेला न्यायनिवाडा वाक्यात शिरतो.

या शब्दांची मुळंही हेच सांगतात. कातास्त्रोफा मूळचा ग्रीक : खाली उलटणं, पालथं होणं. आपलं ‘उलथापालथ’ त्याच्या फार जवळचं आहे. अवारिया आला इटालियन भूमध्य बंदरांतून, आणि त्याच्या मागे अरबीतला खोट, नुकसान या अर्थाचा शब्द असल्याचं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. जहाजावरचा माल भिजला, खराब झाला, तर त्याची नोंद करायचा तो व्यापाऱ्यांचा शब्द. माणूस त्यात नाहीच, नुकसानीचा हिशेब आहे. आणि पलोम्का अगदी घरगुती, ‘लमात्’ म्हणजे मोडणं यावरून आलेला. त्याला मराठीत ‘मोडतोड’ तयारच आहे, नवं काही घडवायला नको.

माझी सूचना अशी. कातास्त्रोफाला ‘प्राणघातक अपघात’. अवारियाला ‘विमान बाद’. गॅरेजमधला मिस्त्री ‘गाडी बाद झाली’ म्हणतो, कारखान्यात यंत्र बाद होतं, नोट बाद होते. कामातून कायमचं गेलं हे त्या दोन अक्षरांत येतं आणि माणसं मेली असा भास होत नाही. ‘गंभीर अपघात’ मी टाळतो, कारण आपली वर्तमानपत्रं तो शब्द माणसं गेल्यावरही वापरतात. तिन्ही रकान्यांवर मिळून शीर्षक द्यायचं असेल तर ‘अपघात’ खुशाल ठेवा. छत्री म्हणून तो शब्द चांगला आहे.

पण खरं काम नामांनी होत नाही, क्रियापदांनी होतं, आणि इथे मराठी भलतीच श्रीमंत आहे. विमान पडलं आणि विमान पाडलं यांत फक्त एका कान्याचा फरक. पहिल्यात यंत्र, हवा, वैमानिक. दुसऱ्यात शत्रूची तोफ. युद्धकाळाच्या नोंदींमध्ये हा काना जपून लिहावा लागतो, कारण तिसरी एक शक्यता सतत उभी असते : विमान परतलं नाही. सोव्हिएत नोंदींमध्ये ‘कामगिरीवरून परतले नाही’ असा शेरा सर्रास आढळतो. लादोगा सरोवरावरून वेढ्यातल्या लेनिनग्राडकडे पाण्यालगत उडणारं विमान धुक्यात पाण्यावर आदळलं की जर्मन लढाऊ विमानाने गाठलं, हे पाहणारं कुणी उरलं नाही तर मराठी अनुवादकानेही ठरवू नये. ‘कोसळलं’ लिहिण्याचा मोह होतो, कारण आपल्या बातम्यांत विमान म्हटलं की ते कोसळतंच. परतलं नाही ते परतलं नाहीच लिहा. २०१६ च्या जुलैत भारतीय हवाई दलाचं एएन-३२, म्हणजे सोव्हिएत रचनेचंच वाहतूक विमान, तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी ‘बेपत्ता’ लिहिलं. ते अगदी बरोबर होतं. अवशेष समुद्रतळाशी सापडल्याचं जाहीर व्हायला २०२४ उजाडलं.

आता मालवाहू की वाहतूक. त्या काळचं मुख्य सोव्हिएत वाहतूक विमान, ली-२, कुठून आलं ते पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं. अमेरिकन डग्लस डीसी-३ चा परवाना घेऊन सोव्हिएत संघाने ते मॉस्कोजवळच्या खिम्कीच्या ८४ क्रमांकाच्या कारखान्यात बांधायला घेतलं आणि नाव दिलं पेएस-८४. पेएस म्हणजे ‘पसाझीर्स्की समल्योत’, प्रवासी विमान. १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकल्या तेव्हा कारखाना उचलून ताश्कंदला नेला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये अभियंता बोरिस लिसुनोव यांच्या नावावरून विमान ली-२ झालं. आपल्याकडे १९४७ च्या ऑक्टोबरात ज्या डाकोटांनी श्रीनगरला जवान उतरवले, त्यांचाच हा मावसभाऊ. या प्रवासी विमानाने जखमी वाहिले, दारूगोळा वाहिला, छत्रीधारी सैनिक सोडले, पाठीवर मशीनगनचा घुमट बसवून घेतला आणि रात्री बाँबही टाकले. त्याला ‘मालवाहू’ म्हटलं की आतली माणसं नाहीशी होतात, आणि आपल्या तक्त्यात तर मोजायची ती माणसंच आहेत. ‘वाहतूक विमान’ म्हणा.

उलटही घडत होतं. विमानरचनाकार व्लादिमीर पेत्ल्याकोव १२ जानेवारी १९४२ रोजी कझानहून मॉस्कोला निघाले ते स्वतःच रचलेल्या पे-२ या बाँबफेकी विमानातून, प्रवासी म्हणून. अर्झामासजवळ विमानाने पेट घेतला आणि ते गेले. त्या दिवशी ते बाँबफेकी विमान वाहतुकीचंच काम करत होतं. म्हणून ‘वाहतूक’ हे काम आहे, जात नाही, एवढी टीप अनुवादात कुठेतरी द्या.

रस्ख्ल्याबनस्त हा तुमच्या मजकुरातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे असं मला वाटतं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. त्याचं मूळ ‘ख्ल्याबात्’ : सैल होऊन हलणं, डुगडुगणं. ज्या बैलगाडीचे खिळे ढिले झाले, चाक लटपटतं, ती रस्ख्ल्याबन्नाया. आपली ‘खिळखिळी’ गाडी. तेच विशेषण माणसाला लावलं की शिस्त सुटलेला, अंगचोर, मनाला येईल तसं वागणारा. ९ एप्रिल १९४१ रोजी, म्हणजे जर्मन हल्ल्याच्या अडीच महिने आधी, कम्युनिस्ट पक्षाची मध्यवर्ती समिती आणि मंत्रिमंडळ यांनी लाल सेनेच्या विमानदळातल्या ‘अवारियां’वर आणि ‘कातास्त्रोफां’वर एक ठराव केला. दोन्ही शब्द शीर्षकातच आहेत. त्यात म्हटलं होतं की रोज सरासरी २ ते ३ विमानं अशा अपघातांत जातात, आणि वर्षाचा आकडा दिला होता ६०० ते ९००. आणि कारण दिलं होतं वैमानिकांची आणि अधिकाऱ्यांची रस्ख्ल्याबनस्त. हवाई दलाचे प्रमुख पावेल रिचागोव यांना पदावरून काढलं. जूनमध्ये अटक झाली आणि २८ ऑक्टोबर १९४१ रोजी खटल्याविना गोळी घातली गेली. वय होतं ३०.

एका शब्दाचं वजन किती असू शकतं ते यात दिसतं. घाईत शिकवलेले वैमानिक, अपुरा सराव, कच्च्या धावपट्ट्या, नवीन विमानांमधले कच्चे दुवे हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं गेलं. त्याच्या पलीकडे आणखी एक शब्द टपून बसलेला असे : ‘व्रेदीतेल’. त्याचा एक अर्थ पिकावरची कीड, दुसरा अर्थ घातपाती. अपघाताच्या चौकशीत कुणी हा शब्द उच्चारला की पुढचा रस्ता ठरलेला असायचा. म्हणून म्हणतो, अपघात आणि घातपात यांची जी सीमा आपल्याला व्याकरणातली वाटते ती तिथल्या मिस्त्रीच्या, अभियंत्याच्या मानेवरून जात होती.

मराठीत या शब्दासाठी ‘निष्काळजीपणा’ फार सौम्य पडतो, तो एका क्षणाचा आणि एका माणसाचा असतो. ‘हलगर्जीपणा’ त्याहून बरा, पण तोही व्यक्तीपुरता. ‘ढिसाळपणा’ घ्या. ढिसाळ कारभार आपण म्हणतो, ढिसाळ नियोजन म्हणतो. सैल पडलेल्या खिळ्याचं चित्र त्यात आहे आणि तो वरपासून खालपर्यंत सगळ्यांना लागू होतो. ठरावाने तो फक्त वैमानिकांना आणि अधिकाऱ्यांना लावला, ही गोष्ट अनुवादातून आपोआप उघडी पडेल.

ढिसाळपणा खरोखर होता अशी उदाहरणंही आहेत. अवाढव्य ‘माक्सिम गोर्की’ विमान १९३५ मध्ये सोबतच्या लढाऊ विमानाच्या कसरतीत टक्कर होऊन गेलं. त्याच्या मागून बांधलेलं सहा इंजिनांचं पेएस-१२४ युद्धकाळात मध्य आशियात माणसं आणि माल नेत होतं. १४ डिसेंबर १९४२ रोजी ताश्कंदजवळ वैमानिकाने एका प्रवाशाला आपल्या आसनावर बसू दिलं. त्याच्या हातून बहुधा ऑटोपायलट बंद झाला, सुमारे ५०० मीटरवरून विमानाने नाक खाली घातलं आणि सगळे ३६ जण मेले. आघाडी हजारो किलोमीटर दूर होती. जवळच्याच शहरात ली-२ विमानं रात्रंदिवस बांधली जात होती. इथे ‘युद्धात पडलं’ म्हणणं खोटं, ‘अपघाताने’ म्हणणं अपुरं. ढिसाळपणामुळे झालेला प्राणघातक अपघात, असं दोन्ही अंगांनी लिहावं लागतं.

बाकीच्या कारणांना मात्र ढिसाळ म्हणण्याआधी दहादा विचार करा. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४१ ला, नागरी हवाई ताफा संरक्षण खात्याच्या हाताखाली गेला. काल टपाल आणि प्रवासी नेणारा वैमानिक आज दिव्यांविना, रेडिओच्या आधाराविना, रात्री शत्रूच्या फळीपलीकडे जात होता. जून १९४२ मध्ये क्रिमियातलं सेवास्तोपोल जर्मनांच्या हाती पडत असताना मॉस्कोच्या खास हवाई गटाची पेएस-८४ विमानं खेर्सोनेसच्या धावपट्टीवर उतरत होती. जूनची रात्र इवलीशी, आणि धावपट्टी तोफांच्या टप्प्यात. जंगलातल्या पार्टिझानांकडे, म्हणजे शत्रूच्या फळीमागे लढणाऱ्या गनिमी तुकड्यांकडे, जाणाऱ्या विमानाला खूण म्हणून ठरावीक आकारात शेकोट्या पेटवत. जर्मनांनीही तशाच शेकोट्या पेटवायला सुरुवात केली. खोट्या शेकोटीवर उतरलेल्या विमानाला रशियन तक्ता कुठल्याही रकान्यात टाको, मराठीत त्याला एकच शब्द शोभतो : फसगत.

आणि थंडी. अलास्काहून सैबेरियामार्गे क्रास्नोयार्स्कपर्यंत अमेरिकन विमानं आणण्याच्या वाटेवर, उएल्काल, सेयम्चान, याकुत्स्क, किरेन्स्क असे मुक्काम होते. लढाऊ विमान पोहोचवून आलेल्या वैमानिकांना पुढच्या खेपेसाठी वाहतूक विमानात भरून परत नेत, म्हणून अशा एका विमानासोबत कितीतरी कसलेले वैमानिक एकदम जाण्याची भीती असे. तिथे पारा उणे ५० च्या खाली जाई. वंगण घट्ट होई, रबर तडके, इंजिनाला गोधड्या पांघरून खालून शेगडीची ऊब द्यावी लागे. तुमच्या मजकुरात ‘अब्लेदेनेनिये’ आला असेल. त्याला ‘हिमीभवन’ असं परिभाषेतलं नाव देण्यापेक्षा ‘पंखांवर बर्फ चढला’ लिहा. लोखंडावर गंज चढतो तसा तो हळूहळू, थराथराने चढतो आणि विमान जड होत जातं. कारण क्रियापदातच दिसतं.

तसंच ‘वीनुझ्देन्नाया पसाद्का’. शब्दशः सक्तीचं उतरणं. वर्तमानपत्री ‘आपत्कालीन लँडिंग’ वाचलं की डोळ्यांपुढे अग्निशमन गाड्या उभ्या असलेला विमानतळ येतो. तैगाच्या, म्हणजे सैबेरियातल्या अरण्याच्या, बर्फात एक इंजिन बंद पडल्यावर चाकं बाहेर न काढता पोटावर टेकवलेलं ली-२ त्यात मावत नाही. तिथे ‘नाइलाजाने उतरवलं’ पुरे. माणसं वाचली असतील आणि विमान तिथेच सोडून यावं लागलं असेल, तर ते तुमच्या दुसऱ्या रकान्यात जाईल : विमान बाद.