बाहेरच्या शूटिंगसाठी छोटा पण दणकट कॅमकॉर्डर कोणता घ्यावा?

हाच प्रश्न आमच्या भाऊजींनी दुकानात जायच्या आधी कुणाला तरी विचारला असता तर माझे पैसे वाचले असते.

आम्ही इंदूरचे. रंगपंचमीला इथे राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक निघते, टँकरवर मोटारी लावून रंगीत पाणी वरच्या मजल्यांपर्यंत उडवतात आणि गुलाल इतका की शेजारचा माणूस दिसत नाही. कोरोनाची दोन वर्षं गेर बंद होती, २०२२ ला परत निघाली तेव्हा म्हटलं यंदा शूटिंग करायचंच. मला छोटा वॉटरप्रूफ हवा होता, तर भाऊजी म्हणाले, अरे ती पोरांची खेळणी, झूम बघ झूम. ताईसमोर काय बोलणार, घेतला मोठ्या झूमवाला आणि लेन्सपुरतं भोक ठेवून वर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली. पाणी खरंच आत गेलं नाही. गुलाल गेला. कॅमेरा ऑन केला की लेन्सपुढची पाकळी आपोआप उघडते ना, तिच्यातच जाऊन बसला आणि ती अर्धीच उघडायला लागली, त्यामुळे माझ्याकडे आख्ख्या गेरचा व्हिडिओ आहे पण वरचा अर्धा भाग काळा, खाली नुसते पाय आणि चपला. झूमचं बटण दाबलं की जात्यासारखी घरघर. रिपेअरवाल्याने आख्खी लेन्स बदलावी लागेल म्हणून सांगितलं, खर्च ऐकला आणि कॅमेरा कपाटात टाकला. भाऊजी अजून म्हणतात, पिशवी तू नीट बांधली नव्हतीस.

तर तुमचं. धूळ-पाण्यापासून कॅमेरा किती सुरक्षित ते आयपी रेटिंगचे दोन आकडे सांगतात. त्यात सगळे पाण्याचा म्हणजे दुसरा आकडा बघतात, तुम्ही पहिला बघा, तो धुळीचा, ६ असेल तर धूळ आत जात नाही. तिथे एक्स असेल तर धुळीचं काहीच सांगितलेलं नाही. जेव्हीसी कंपनीचे एव्हरिओ आर कॅमकॉर्डर बाहेरच्या शूटिंगसाठीचेच होते, ५ मीटर पाण्यात चालायचे, दीड मीटरवरून पडलेलं सोसायचे, उणे १० डिग्रीतही चालायचे आणि वर ४० पट ऑप्टिकल झूम, ऐकताय ना भाऊजी. आता बनत नाहीत. सेकंडहँड मिळाला तरी बॅटरी आतच बसवलेली असते, ती थकलेली असणार हे धरून चला. नवाच हवा तर गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा घ्या, त्यातल्या बऱ्याच मॉडेलना पाण्यात १० मीटरपर्यंत वेगळी केस लागत नाही. फक्त ऑप्टिकल झूम नाही, लांबचा पक्षी मुंगीएवढा दिसेल. पक्षीच शूट करायचे असतील तर माझं उत्तर सोडून द्या.

आणि हो, वॉटरप्रूफचा ७ किंवा ८ आकडा पाण्यात बुडवण्याचा असतो, जोराच्या धारेची टेस्ट वेगळी. कॅमेऱ्याचं बॅटरी-कार्डचं दार लावताना त्याच्या रबरावर डोक्याचा एक केससुद्धा अडकायला नको. म्हणजे टँकरच्या धारेसमोर माझा छोटा कॅमेराही टिकलाच असता असं नाही, पण हे भाऊजींना कळू देऊ नका.