रेडिओच हो, पण फर्माईश घे

फोंड्याहून एका बायचं पत्र आलंय. दर शनिवारी ती बहिणींच्या ग्रुपवर टाकते, या आठवड्यात काय बघा, काय ऐका, काय रांधा. एक बहीण पुण्याला, एक बेळगावला, एक दुबईत. दोन वर्षं हे चाललंय, उत्तर म्हणजे एक अंगठा, तोही कधी कधी सोमवारी. परवा नणंद म्हणाली, "तू काय आकाशवाणी पणजी आहेस काय गे?" ते तिला लागलंय. विचारते, मावशी, बंद करू का?

गे बाय, बंद बिंद काही करू नकोस. आणि अंगठ्याचं म्हणशील तर आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातनं अंतराळात पाठवली, तिकडून अजून काही आलेलं नाही. तुला निदान सोमवारी तरी येतं.

हसलीस ना, आता थोडं टोचणारं ऐक. मागच्या चार शनिवारच्या याद्या तू पत्रात कॉपी करून पाठवल्यास ते बरं केलंस, घोळ तिथेच आहे. दुबईवालीला खतखतं करायला सांगितलंस, एवढ्या सगळ्या भाज्या आणि वर तिरफळं, तिला तिथे तिरफळं शोधायला कुठे पाठवतेस? पुण्याची रात्रपाळी करते असं तूच लिहितेस आणि तिला तीन तासांच्या संगीत नाटकाची लिंक. बेळगावची काय ऐकते, तिला काय आवडतं, हे तर तुझ्या चार पानी पत्रात एकदाही आलं नाही. तू मनापासून पाठवतेस गे, पण तिघींना एकच यादी म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं वाढप झालं, ताटात काय पडलं ते कोण बघतो.

माझी एक मामेबहीण दर रविवारी मला दहा-बारा लिंका पाठवते, खरं सांगते, एक उघडलेली नाही. पण गेल्या जुलैत तिचा फोन आला, म्हणाली पाऊस धो धो, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, तुझ्या डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, असणारच, उठ आणि किस्मूर कर. मी उठले! डोकी-शेपट्या काढल्या, सुंगटं मंद आंचेवर कुरकुरीत भाजली, ओलं खोबरं, कांदा, मिरची, जराशी चिंच, वर खोबरेलाचे दोन थेंब. माझा डबा तिला ठाऊक होता म्हणून मी उठले, बाकी काही नाही.

तर नणंद रेडिओ म्हणाली ना, मग रेडिओवर "आपली आवड" लागायचं तसं कर, फर्माईश घे. एका शनिवारी एकीलाच विचार, आज घरात काय आहे, किती वेळ आहे, डोकं कशाने उठलंय, आणि त्यावर एकच गोष्ट सांग, तीन नकोत. आणि ती का सांगतेस ते पण लिही. नुसतं "मोगूबाई ऐका" म्हटलंस तर कोण ऐकणार, पण ज्या कुर्डी गावावरनं या गायिका मोगूबाई कुर्डीकर झाल्या ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, हे सांगून एक राग पाठव बघू. महिन्यातला एक शनिवार त्यांचा, त्या सांगतील ते तू बघायचं, मग ती कसली पण सिरीयल असो. (माझ्यावर ही पाळी आली तेव्हा सोळा भाग बघितले, सांगत नाही कशाचे.)

दुबईला जाणारं कोणी सापडलं तर त्याच्याकडे सुक्या तिरफळांची पुडी दे. आणि तू किस्मूर करणार असलीस तर सगळं वेगवेगळं ठेव, पानं घेतल्यावरच कालव, आधी कालवलंस तर सुंगटं मऊ पडतात.