आधी प्लेअर ठरवा, मग डिस्क घ्या

चित्रपटांच्या डिस्क जमवायला सुरुवात करताय, तर जुन्या एचडी डीव्हीडींच्या स्वस्त गठ्ठ्याला अजिबात भुलू नका. एचडी डीव्हीडी म्हणजे साधी डीव्हीडी नव्हे, तर ब्लू-रेशी स्पर्धा करून हरलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क. त्यांचं चित्र वाईट नव्हतंच. तोशिबाच्या या डिस्कच्या एका थरात 15 जीबी मावायचे, ब्लू-रेच्या थरात 25. पण गिऱ्हाईक काही जीबी मोजत बसलं नाही. सोनीने प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे ड्राइव्हच बसवून दिला आणि गेमसाठी आणलेल्या यंत्रावर लोक चित्रपटही बघू लागले. जानेवारी 2008 मध्ये वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली, फेब्रुवारीत तोशिबाने माघार जाहीर केली. एचडी डीव्हीडी साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाहीत, हे लक्षात असू द्या.

आज घ्यायचाच तर 4के अल्ट्रा एचडी ब्लू-रे प्लेअर घ्या. त्यावर साधी ब्लू-रे आणि डीव्हीडीही चालते. 4के डिस्क मात्र जुन्या प्लेअरवर चालणार नाही. टीव्ही लहान असेल, तर साधी ब्लू-रेही मनापासून आवडेल. आणि रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते! 4के डिस्कला ते बंधन नसतं, पण साध्या ब्लू-रेला ए, बी, सी असे रीजन असतात. डब्याच्या मागे षटकोनात ते अक्षर छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिमीवर असतो. वर कडक लेप असला तरी डिस्क कडेलाच धरा, आणि पुसताना मधून बाहेर पुसा, गोल गोल नाही.