स्वमग्न (ऑटिझम असलेला) विद्यार्थी वर्गात स्वतःहून कुणाशी बोलत नाही, त्याला सुरुवात करायला कसं शिकवावं?

त्याला एक तयार वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या आणि रोजच्या सरावात ते शेवटाकडून हळूहळू कापत जा: आधी ‘तू काल कोणतं चित्र काढलंस?’, मग ‘तू काल कोणतं’, मग ‘तू’, शेवटी कोरी चिठ्ठी. ‘विचार ना त्याला’ असं आपण सारखं म्हणत राहिलो, की मूल आपल्याच सांगण्याची वाट बघायला शिकतं. चिठ्ठी मात्र गुपचूप काढून घेता येते. क्रांत्झ आणि मॅक्लॅनाहन या अमेरिकी संशोधकांनी 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांबरोबर हीच पद्धत वापरली, तेव्हा मुलं चिठ्ठीत नसलेली वाक्यंही बोलू लागली. सोबतीला बसणाऱ्या मुलालाही सांगून ठेवा, उत्तर लगेच आणि मनापासून दे. पहिल्याच प्रश्नाला शांतता मिळाली तर दुसरा येणं फार अवघड. मात्र हे वाचता येणाऱ्या मुलांसाठी. इतरांना चित्रं किंवा रेकॉर्ड केलेला आवाज द्यावा.