मिसरूड कोणाला म्हणावे?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या एका कथेत ‘साठी ओलांडलेल्या पाटलांनी मिसरुडाला पीळ दिला’ असे वाक्य आहे. मी तेथे ‘मिशीला’ अशी दुरुस्ती केली. परंतु लेखकांच्या मते दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत. शिवाय आमच्याकडे शेजारीपाजारी कन्नडमध्ये ‘मीसे’ आणि तेलुगूत ‘मीसम्’ म्हणतात. आपली ‘मिशी’ तिकडूनच आली का?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : आपली दुरुस्ती योग्य आहे. वयात येणाऱ्या मुलाच्या वरच्या ओठावर जी पहिली विरळ, मऊ केसांची रेघ दिसू लागते, तिलाच मिसरूड म्हणतात. हे केस बहुधा ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी आधी काळवंडतात, मग मध्याकडे सरकतात, आणि गालांवर व हनुवटीवर दाढी येते ती त्यानंतर. म्हणूनच ‘मिसरूड फुटणे’ या प्रयोगाला ‘वयात येणे’ असा अर्थ आला असावा. ‘अजून मिसरूड फुटले नाही आणि निघाला शहाणपण शिकवायला’ या बोलण्यातला टोमणा केसांवर नसून वयावर असतो. मिसरूड आपसूक फुटते, मिशी मात्र राखावी लागते, कोरावी लागते. पीळ देण्याइतकी लांबी आली की ते मिसरूड उरत नाही. साठीच्या गृहस्थाची मिशी कितीही विरळ असली तरी तिला मिसरूड म्हणणे ही थट्टाच ठरेल, आणि लेखकांचा तसा हेतू दिसत नाही. स्त्रीच्या ओठावरील बारीक केसांसाठी ‘लव’ हा शब्द आहे. तेथेही मिसरूड चालत नाही.

सोलापुरात तिन्ही भाषा एकाच बोळात कानावर पडत असल्याने आपली शंका स्वाभाविक आहे. मात्र केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. ‘मिशी’चा संबंध साधारणतः संस्कृत ‘श्मश्रु’ आणि प्राकृत ‘मंसु’ यांच्याशी जोडला जातो. गंमत अशी की ‘श्मश्रू’ मराठीत राहिली ती ‘श्मश्रू करणे’ म्हणजे हजामत करणे या अर्थाने, म्हणजे केस उतरवण्यापुरती.

लेखनाविषयी एक सूचना : ‘मिसरूड’ नपुंसकलिंगी असून त्यातील ‘रू’ दीर्घ आहे, पण विभक्तिप्रत्यय लागताना, ‘फूल–फुलाला’प्रमाणेच, तो ऱ्हस्व होऊन ‘मिसरुडाला’ असे रूप होते. कथेतील वाक्यात तेवढे शुद्धलेखन बिनचूक आहे. बदलायचा आहे तो शब्दच.