मण्यांची रोजनिशी ठेवा, पण ती कोणाला वाचता येऊ देऊ नका

मण्यांच्या भरतकामात रोजनिशी कशी ठेवायची, रंगांचे अर्थ कसे ठरवायचे आणि "दुसऱ्या कोणाला कळलंच नाही तर उपयोग काय?" असं तुम्ही विचारलंय. शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

कळू नये, हाच उपयोग! लग्नानंतर मी साध्या वहीत लिहायचे. सुट्टीत आलेल्या माझ्या नणंदेने ती गादीखालून काढली आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, सासूबाईंच्या आमटीवरच्या पानासकट. सगळे हसले, मीही हसले आणि दुसऱ्या दिवशी वही बंबात घातली. पुढे कित्येक वर्षं एक ओळ लिहिली नाही. मग भाचीच्या रुखवताचं तोरण करताना उरलेल्या मण्यांच्या पुड्या हाती लागल्या.

जाड सुती कापडावर पेन्सिलीने महिन्याचे चौकोन आखायचे, दिवसाला एक भरायचा. पांढरा म्हणजे काही घडलं नाही. पिवळा म्हणजे आईशी फोनवर बोलणं झालं. नळ्या, म्हणजे लांबट नळीसारखे मणी, उभ्या लावल्या की पाऊस. बाकीचे रंग इथेही सांगणार नाही.

एकदा वन्सं आल्या होत्या तेव्हा त्यांनी जुनं कापड उचलून पाहिलं. त्यात एक लालभडक ओळ आहे, मधेमधे काळा कटदाणा, म्हणजे पैलू पाडलेला मणी. "अगंबाई, हा लाल पट्टा काय उठून दिसतोय! दिवाळीचा ना?" दिवाळीचाच. त्या आठवडाभर आमच्याकडे राहिल्या होत्या, त्या दिवाळीचा. मी चहा टाकायला उठले. मागून आवाज आलाच, "पण वाचता येत नाही ती डायरी कसली? तोरण म्हण की." हे भांडण अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, दुसऱ्याला वाचता येते ती डायरी नव्हे, ते पत्र.

मण्यांची पत्रंच हवी असतील तर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू बायकांचं काम बघा. मुली मण्यांचे छोटे तुकडे विणून आवडत्या मुलाला द्यायच्या, रंगांत निरोप असायचा. पण तिथेही एकाच रंगाचा अर्थ भागाभागात वेगळा, शेजारी कोणता रंग बसलाय त्यावरही बदलणारा, आणि मुलग्यांना तो समजून घ्यायला घरातल्या बायकांना विचारावं लागे. त्यामुळे नेटवरचे "निळा म्हणजे शांती" छाप तक्ते सोडून द्या. पाच-सहा रंग घ्या, अर्थ आपोआप चिकटतात.

सामानाचं थोडक्यात. 11 नंबरचा मणी घ्या, साधारण 2 मिलिमीटरचा. सुई 10 किंवा 12 नंबरची. दोरा नायलॉनचा. तंगूस, म्हणजे मासे पकडायच्या गळाचा पारदर्शक दोरा, तोरणाला ठीक, कापडावर ताठ राहतो. नळ्या आणि कटदाण्याच्या कडा साधा दोरा कापतात, तिथे दुहेरी घ्या. चार मणी ओवून सुई खाली, मग दोन मणी मागे येऊन वर काढायची आणि शेवटच्या दोघांतून पुन्हा पुढे. पुण्यात असाल तर रविवार पेठेत सगळं मिळतं. गुलाबी-जांभळे मणी मात्र आधी काही आठवडे खिडकीत ठेवून बघा, त्यांतल्या बऱ्याच मण्यांचा रंग वरून दिलेला असतो, उन्हाने उडतो.

हो, आणि रोज जमेल असं समजू नका. ताप असताना, पाहुणे असताना माझे चौकोन रिकामेच राहतात. रात्री दिव्याखाली डोळ्यांना त्रास होतो. जुन्या काही चौकोनांचा अर्थ आता मलाही लागत नाही. ज्यांना नेमकी तारीख-वार नोंद हवी त्यांनी सरळ वहीच घ्यावी, कुलपाच्या कपाटात ठेवावी.

घरात कोणी विचारलं तर "तोरण करतेय" म्हणून सांगा. पुढे कोणी काही विचारत नाही.