परसातल्या सुतारकामाच्या शेडला ऊब कशी द्यायची

आधी पत्र्याचा बंदोबस्त करा, हीटर नंतर. बेळगाव-खानापूरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १२-१४ अंशांवर येतो. दुपारी ऊन पडतंच. म्हणजे गरज सकाळच्या दोन-तीन तासांची. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बुजवा, पत्र्याखाली थर्माकोल न लावता फॉइलचा इन्सुलेशन शीट ताणा. थर्माकोल पेट घेतो, ठिणगीच्या कामात तो नकोच.

१२ बाय १५ फुटांच्या शेडमधली अख्खी हवा तापवत बसू नका. कामाच्या टेबलावर, डोक्याच्या वर भिंतीला १५०० ते २००० वॅटचा क्वार्ट्झ हीटर तिरका बसवा. तो थेट अंगाला आणि लाकडाला ऊब देतो. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. घरापासून शेड लांब असेल तर वायर ४ ची घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावला की पिना सैल होऊन प्लग वितळू शकतो. लाकडाचा भुसा, थिनर, पॉलिश चालू असताना मात्र हीटर बंदच.

बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी कधीच नको: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅसचा हीटरही टाळा. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती गार पत्र्याला लागून थेंब थेंब खाली येते आणि रंधा, पटाशीला गंज चढतो.